डेल्फिनाचा कान आणि तीन नंबरचं चुंबक

डेल्फिना ओरोस्कोला गिटार कधी आवडली नाही. नवरा लाझारो लग्नाकार्यात गिटार वाजवायचा, तर ही त्या कर्ण्यापासून लांब, पार स्वयंपाकाच्या मांडवात जाऊन बसायची. तिला आवडायचा तो भात्याचा बाजा, आपल्या पेटीसारखा, पण छातीशी धरून वाजवतात तो. गिटारचं नाव काढलं की म्हणायची, "पत्र्यावर गारा पडतात त्या परवडल्या. निदान थांबतात तरी."

आणि ह्याच बाईच्या कानाचं जगभर कौतुक झालं. जपानातून माणसं येऊन तिच्या कानाकडं बघून गेली. आता बोला.

डेल्फिना जन्मली संत्र्याच्या बागेत. दक्षिण कॅलिफोर्नियात तेव्हा जिकडं बघावं तिकडं संत्री. बाप संत्री तोडायचा, आई वेचायची, आणि डेल्फिना चौदाव्या वर्षी शेडमध्ये संत्री कागदात गुंडाळायला बसली. एक संत्रं, एक कागद, एक पीळ. हात असा चालायचा की बघणाऱ्याला गरगरावं. मग हळूहळू बागा तुटल्या, घरं झाली, आणि रेल्वेच्या रुळापलीकडं गिटारचा कारखाना आला. डेल्फिना वीस वर्षांची. मुकादम ओडेल म्हणून एक लांबट मानेचा माणूस होता. त्यानं तिला एकच विचारलं, "भरतकाम येतं का?"

"येतं."

"मग उद्यापासून ये."

ही मनात म्हणाली, गिटारवर काय फुलं काढायचीत की काय? पण दुसऱ्या दिवशी गेली.

काम काय होतं, ते सांगते. विजेच्या गिटारीच्या तारांखाली एक बोटभर लांबीची पट्टी असते. तिला पिकअप म्हणतात. तिच्या आत लोहचुंबकाच्या सहा छोट्या कांड्या उभ्या, एकेका तारेखाली एकेक. आणि त्या कांड्यांभोवती तांब्याची तार गुंडाळायची, केसाहून बारीक, आठ हजार वेढे. वरची तार थरथरली की खालच्या चुंबकाला कळतं, चुंबकाचं वेढ्यांना कळतं, आणि मग तो आवाज कर्ण्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतो. पिकअप हेच गिटारचं नरडं. बाकी सगळं लाकूड.

शेजारच्या बाकावर आंपारो लुसेरो बसायची. डेल्फिनापेक्षा दोन वर्षांनी मोठी, अंगानं आडवी, तोंडानं फटकळ. तिनं डेल्फिनाला शिकवलं. पहिल्या दिवशी डेल्फिनानं अकरा वेळा तार तोडली. रडायच्या बेतात आली. आंपारोनं तिची बोटं हातात धरली.

"ओढतेस काय अशी? बैल आहे का तो? झोपलेल्या पोराच्या अंगाखालनं पांघरूण काढतो ना आपण, तशी जाऊ दे तार. पोर जागं होता कामा नये."

"पोर नाही मला अजून."

"मग होईपर्यंत हेच पोर समज."

तिथनं दोघींचं जे जमलं ते जमलं. पुढं डेल्फिनाला पोरगा झाला, एफ्रेन. चर्चमध्ये त्याच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तो आंपारोच्या हातात होता, म्हणजे ती त्याची धर्माची आई. पोरगा तिला 'निना' म्हणायचा. आणि अशा नात्यानं बांधलेल्या दोघी बायका एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात. सख्ख्या बहिणीशी भांडलेलं एक वेळ खपतं तिकडं, कोमाद्रेशी नाही.

आता चुंबकाचं. कारखान्यात कांड्या यायच्या कॉफीच्या रिकाम्या डब्यांतून. एका डब्यावर खडूनं तीन, एकावर पाच. तीन नंबरचं चुंबक मवाळ, पाच नंबरचं जहाल. पाचात कसलासा महागाचा धातू जास्त घालायचे. तो धातू कधी मिळायचा, कधी नाही. मिळाला की पाचाचा डबा भरलेला, नाही मिळाला की तिनाचा. ओडेल म्हणायचा, "जे समोर असेल ते घाला बायांनो, संध्याकाळी गाडी भरायचीय." दिसायला दोन्ही सारखीच, चंदेरी, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. मिसळली तर ओळखायची कशी? बायका केसांतला आकडा काढायच्या आणि कांडीजवळ न्यायच्या. तीन नंबर असेल तर आकडा दोन बोटांवरून उडी मारायचा, पाच असेल तर चार बोटांवरून. एवढंच त्यांचं चुंबकशास्त्र.

त्यात एक भानगड झाली. लाझारोनं साखरपुड्यात डेल्फिनाला मनगटी घड्याळ दिलेलं. सोनेरी, चिमणीच्या डोळ्याएवढं. त्यासाठी त्यानं दोन उन्हाळे कुणाकुणाची छपरं शाकारली होती. ते घड्याळ कारखान्यात आलं आणि पळायला लागलं. बारा वाजायच्या आत डेल्फिना जेवणाचा डबा घेऊन उभी! ओडेल म्हणाला, "मिसेस ओरोस्को, सगळ्या देशात दुपार होते ती तुमच्याकडं वीस मिनिटं आधी कशी होते हो?"

घड्याळजीकडं नेलं. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, मग हिच्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही चुंबकं खाता का?" त्यानं दुरुस्त करून दिलं. आठवड्यात परत पळायला लागलं. काढून ठेवावं, तर लाझारो संध्याकाळी मनगट बघायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा.

आंपारोला हे कळलं तशी तिनं पाचाचा डबा आपल्याकडं ओढला.

"तुझ्याकडं तीनच राहू दे. मवाळ आहेत, घड्याळाला काही करायची नाहीत."

"आणि तुला?"

"माझ्या मनगटावर काय आहे? एक तीळ. तो काय पळून जातोय?"

पाच नंबरच्या कांड्या हाताळणं सोपं नव्हतं, बरं का. दोन कांड्या खाट्कन एकमेकींवर झेपावायच्या आणि मधे बोटाचं कातडं सापडायचं. आंपारोच्या बोटांवर कायम काळेनिळे फोड. चार वर्षं हे असं चाललं. डेल्फिनानं तीन भरले, आंपारोनं पाच. दोघींनी मिळून किती हजार पिकअप केले, त्याची मोजदाद नाही.

पिकअपच्या पाठीवर प्रत्येक बाई चिकटपट्टीचा तुकडा लावायची आणि त्यावर आपलं अक्षर. डेल्फिनाचं डी, आंपारोचं ए. ते काही कौतुकाला नव्हतं. एखादा पिकअप मुका निघून परत आला, तर कुणाला फाडून खायचं ते ओडेलला कळावं म्हणून.

मग दिवस गेले. ओडेल गेला, कारखाना दुसऱ्यांनी घेतला, तारा गुंडाळायला यंत्रं आली, लाझारोही गेला. दोघी घरी बसल्या. रविवारी चर्चमध्ये एका बाकावर, डिसेंबरात एका घरी जमून मक्याच्या पानांत तमाले बांधायला. एफ्रेननं घराच्या गॅरेजात गिटारदुरुस्तीचं दुकान टाकलं. सगळं छान चाललं होतं. मग आला दातांचा डॉक्टर.

हॉलिस ट्रेंटमन नाव. दिवसभर लोकांच्या दाढा उपटायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या गिटारींची आतडी बाहेर काढायचा. शंभरेक गिटारी होत्या म्हणे त्याच्याकडं. वाजवता एक येत नव्हती. पण चुंबक मोजायचं यंत्र होतं, वेढे मोजायचं यंत्र होतं, आणि डोक्यात एक मोठं थोरलं पुस्तक होतं. त्यानं शोध लावला की जुन्या पिकअपांत डी अक्षराचे जे आहेत, त्यांचा आवाज साजूक तुपासारखा. आणि उघडून मोजावं तर प्रत्येकात तीन नंबर! सगळ्या कारखान्यात पाचाचं राज्य असताना एकटी ही बाई तीन धरून बसलेली!

एका शनिवारी तो डेल्फिनाच्या दिवाणखान्यात येऊन बसला. आवाज टिपायचं यंत्र टेबलावर ठेवलं. हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते.

"मिसेस ओरोस्को, मला एवढंच सांगा. पाच नंबर तारेला जोरात ओढतं, आवाज टणक होतो, टोचतो. तीन नंबर तारेला मोकळं हलू देतं, आवाज गोल येतो. हे आम्हाला कळायला चाळीस वर्षं लागली. तुम्हाला तेव्हाच ऐकू येत होतं ना?"

डेल्फिनानं एफ्रेनकडं बघितलं. एफ्रेनचे डोळे असे चमकत होते, की लहानपणी सर्कशीतही चमकले नव्हते. आयुष्यभर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, 'भरतकाम येतं का' एवढं सोडून. आणि आता हा सूटबूटवाला माणूस तिच्या तोंडाकडं टक लावून बसलेला. घड्याळाची गोष्ट तिच्या ओठावर आली होती हो. पण ओठावरनं परत आत गेली.

"हो," ती म्हणाली. "म्हणजे… वाटायचं तसं."

झालं. एवढ्या चार शब्दांवर डॉक्टरनं पुस्तकातली चाळीस पानं लिहिली.

पुस्तक आलं. एफ्रेननं दुकानावर नवी पाटी लावली, 'डेल्फिनाच्या मुलाचं दुकान'. माणसं यायला लागली. कुणी हाताला हात लावायचा, कुणी म्हणायचा, बाई, माझी गिटार नुसती मांडीवर घ्या. एकानं तर विचारलं, "तुम्ही कानात काय घालता?" डेल्फिना म्हणाली, "वाजवणार असाल तर कापूस." सगळे हसले. थोर माणसं असंच बोलतात म्हणाले. तिला ते आवडायला लागलं, खोटं कशाला सांगू? रोज सकाळी केस विंचरून ओसरीवर बसायची.

त्याच पुस्तकात पुढच्या पानावर दुसरंही लिहिलं होतं. आंपारोच्या नातीनं ते जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. 'डी म्हणजे सोनं, तर ए म्हणजे पत्रा. ए अक्षराची कारागीर कोण होती कळत नाही, पण तिला कान नव्हता. डोळे मिटून पाच नंबर घालत गेली. असे पिकअप हातात आले, तर घेऊ नयेत.'

आंपारोनं घास खाली ठेवला. नातीला म्हणाली, "परत वाच." नातीनं परत वाचलं. मग आंपारोनं पुस्तक मिटलं आणि त्यावर गरम भांडं ठेवलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये ती दुसऱ्या बाकावर बसली.

डेल्फिना तिच्या घरी गेली. आंपारोनं दार उघडलं, पण दारातून हलली नाही.

"कोमाद्रे, अगं, ते त्या डॉक्टरनं लिहिलंय. मी थोडंच…"

"तू काय सांगितलंस त्याला?"

"काही नाही."

"तेच म्हणते मी. काही नाही सांगितलंस."

"मी कुठं तुला वाईट म्हटलं?"

"तू मला कायच म्हटलं नाहीस, डेल्फिना. चार वर्षं बोटं चिमटवून घेतली तुझ्या घड्याळापायी. एवढं तरी सांगायचं होतंस. तुझ्या कानाला सोन्याचा मुलामा झाला, माझ्या बोटांचा पत्रा."

डेल्फिनानं डिसेंबरात तमाले पाठवले, भलंमोठं ताट भरून. ताट परत आलं. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामं. आता शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवू नये, हे तिथंही आपल्यासारखंच पाळतात. चमचाभर साखर तरी घालतात. डेल्फिना ते ताट मांडीवर घेऊन बसून राहिली. जपानातला एक माणूस ओसरीवर वाट बघत होता, त्याला म्हणाली, "आज कान दुखतोय. जा."

अशी पाच वर्षं गेली. नाव वाढत गेलं, बाकावरची शेजारची जागा रिकामी राहिली. नव्या मैत्रिणी काय, मिळतात. पण ओडेलच्या मानेची नक्कल केली तर हसायला समोर माणूस लागतं, ज्यानं ती मान बघितलीय. तसं जगात आता एकच उरलं होतं, आणि ते तिच्याशी बोलत नव्हतं.

मग गिटारवाल्यांचा मेळावा ठरला, चर्चच्या हॉलमध्ये. डॉक्टरची कल्पना. पडद्याआड चार एकसारख्या गिटारी, प्रत्येकीत वेगळ्या चुंबकाचा पिकअप. एकीत डेल्फिनाचा तीन नंबरचा, एकीत ए अक्षराचा पाच नंबरचा, एकीत आजकालचा दोन नंबरचा, आणि एकीत ते काळं, चिनीमातीसारखं भाजलेलं स्वस्त चुंबक, ज्याचा आवाज तोंडावर गार पाणी मारल्यासारखा. एकच माणूस चारींवर एकच चाल वाजवणार, लोकांनी नुसतं ऐकून चिठ्ठीवर लिहायचं, कुठली कोणती. दूध का दूध, पाणी का पाणी.

ए अक्षराचा पिकअप एफ्रेनचा होता. निनानंच दिला होता त्याला, तो बारा वर्षांचा असताना.

हॉल भाड्यानं घेतला की जेवण चर्चच्या महिला मंडळाचं, असा नियम. मंडळाची पाळी आंपारोकडं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधे एक खिडकी, तिथनं वाडगे द्यायचे. कुणी तरी विचारलं, "आंपारो, तू कशी आलीस इथं?" ती म्हणाली, "मी चर्चसाठी आलेय. त्या दातवाल्यासाठी नाही आणि कानवालीसाठी तर नाहीच." डुकराच्या मटणाचा आणि मक्याचा पोसोले रटरटत होता, आणि आंपारो त्यात पळी अशी फिरवत होती, जसं कुणाला तरी बुडवतेय.

डेल्फिनाला पुढं खुर्चीवर बसवलं, गळ्यात कागदी फुलांचा हार. डॉक्टर म्हणाला, दोन शब्द बोला. डेल्फिना उठली. खिडकीकडं बघितलं. आंपारोची नुसती पाठ दिसत होती.

"मला कान नाही," डेल्फिना म्हणाली. "मला गिटार आवडतसुद्धा नाही. मी तीन नंबर घातलं ते घड्याळ बिघडायचं म्हणून. पाच नंबर सगळं माझ्या कोमाद्रेनं माझ्यासाठी अंगावर घेतलं. ए म्हणजे आंपारो. मला हे काम तिनं शिकवलं."

एफ्रेन पांढरा पडला. मग डॉक्टर उभा राहिला, डोळ्यात पाणी, आणि टाळ्या वाजवायला लागला. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाला. "केवढा हा विनय! केवढा मोठेपणा! खरा कलावंत आपली कला अशीच लपवतो. मैत्रिणीची चूकसुद्धा पोटात घातली!"

"अहो, विनय नाही, घड्याळ!" डेल्फिना ओरडली. टाळ्या आणखी वाढल्या.

तिकडं खिडकीचं फळकुट धाड्कन बंद झालं.

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! पाच वर्षं खोटं बोलली ते सगळ्यांनी खरं मानलं, आणि आज खरं बोलली तर त्याची फुलं झाली. बरं, आंपारोला तर वाटलं असणार, हे सगळं आणखी टाळ्या मिळवायलाच केलं. डेल्फिना खाली बसली. हार काढून खुर्चीला अडकवला.

आधी जेवण होतं, मग ऐकणं. सगळे वाडगे घेऊन रांगेत गेले. डॉक्टर सगळ्यात पुढं. डेल्फिना उठून पडद्यामागं गेली. एफ्रेन गिटारी पुसत होता.

"निनाची कुठली?"

"ही तिसरी. अमा, काय करतेस तू?"

"तारा ढिल्या कर आणि बाजूला सार. कर्ण्यातलं ते जुनं चुंबक आहे ना तुझ्या पेटीत, थोरलं, चकतीसारखं? ते दे."

एफ्रेनला कळलं. आपल्या कांडीच्या तोंडासमोर थोरल्या चुंबकाचं सारखंच तोंड धरलं, एकमेकांना ढकलतात तसं, की कांडीचा जोर उतरतो. कारखान्यात दोन डबे जवळजवळ राहिले, तरी ओडेल त्यासाठी बोंबलायचा.

"अमा, ते साठ सालचं आहे! अस्सल पाच नंबर! असं काही राहिलं नाही आता!"

"राहिलं नाही ते मला माहितेय. तुझी निनासुद्धा राहायची नाही. सर बाजूला."

एफ्रेननं पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. मग त्यानं तारा ढिल्या केल्या. त्याच्या दुकानाची पाटी ह्याच गोष्टीवर उभी होती, पण त्याला लहानपणी झोपवलं होतं ते निनानंच.

डेल्फिनानं थोरलं चुंबक हळूहळू खाली आणलं, उचललं, परत आणलं. केसांतला आकडा काढला. चार बोटांवरून उडाला. परत चुंबक. तीन बोटं. परत. घाम फुटला तिला. हळू, पोर जागं करायचं नाहीय. मग आकडा गप्प बसला, गप्प बसला, आणि बरोबर दोन बोटांवर आल्यावर टुण्कन उडाला.

"लाव तारा," ती म्हणाली. "सुरात लाव. आणि तोंड मिट."

जेवणं झाली. पडद्याआडून गिटारी वाजल्या. एक, दोन, तीन, चार. लोक डोळे मिटून माना हलवत होते, चिठ्ठ्या लिहीत होते. डेल्फिनाला चारही गाराच वाटल्या. डॉक्टरनं आपली चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, त्याला तसा मान होता.

"चौथी, काळं चुंबक, ते आंधळ्यालाही कळेल. दुसरी, दोन नंबर. पहिली चांगली आहे, गोड आहे, पण जरा बुजरी, नवशिक्या हाताची. पाच नंबर कुणी तरी सौम्य केलेलं दिसतंय. आणि तिसरी!" त्यानं छातीवर हात ठेवला. "तिसरी म्हणजे डेल्फिना. शंकाच नको. आवाज गोल आहे, आणि वेढे ऐका कसे सारखे, एकाला एक लागून, जणू श्वास घेतल्यासारखे. हा हात जगात एकच."

चिठ्ठ्या मोजल्या. साठातल्या त्रेचाळीस जणांनी तेच लिहिलेलं.

एफ्रेननं तिसऱ्या गिटारीतून पिकअप सोडवला आणि पाठ लोकांकडं केली. पिवळी पडलेली चिकटपट्टी. त्यावर ए.

मग पहिलीचा सोडवला. डी.

कुणीतरी हसलं, मग पटकन गप्प झालं. डॉक्टरनं ए पिकअप हातात घेतला, खिशातलं यंत्र लावलं, परत लावलं. "हे… ह्याचा जोर उतरवलाय! कुणीतरी खोडी केलीय!"

"मी केलीय," डेल्फिना म्हणाली. "तुम्ही पोसोले खात होतात तेव्हा."

"पण का?"

"कारण तुम्हाला सांगून कळत नाही, डॉक्टर, ऐकून कळतं. चुंबक सारखं केलं, आता उरला नुसता हात. नवशिका हात कुणाचा म्हणालात मघाशी?"

डॉक्टरनं पहिल्या पिकअपवरचं डी बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. दाढ काढायला बसलेल्या माणसासारखं झालं त्याचं.

"बरोबर बोललात तुम्ही," डेल्फिना म्हणाली. "माझा हात तिच्यापुढं नवशिकाच. तिचा जगात एकच. तेवढं लिहा."

ह्या वेळेला टाळ्या नाही वाजल्या. डेल्फिनाला इतकं बरं वाटलं त्या शांततेनं. मग खिडकीचं फळकुट वर गेलं. आंपारो. हातात पळी, चेहरा लालबुंद.

"माझ्या चुंबकाचा जीव काढलास तू?"

"काढला."

"मी रक्ताळल्या बोटांनी बसवलेल्या कांड्या! चाळीस वर्षं जोर टिकला त्यांचा, आणि तू दहा मिनिटांत शेळपट करून टाकलास?"

"दुसरं कसं दाखवणार होते गं?"

"दाखवायला पाच वर्षं लागली?"

"लागली," डेल्फिना म्हणाली. "चुकलं माझं. गोड लागत होतं ते सगळं. मला कोण विचारत होतं आयुष्यभर?"

आंपारो तिच्याकडं बघत राहिली. मग आंपारोनं पळीनं आतल्या मोरीकडं खूण केली.

"त्या थोर कानानं ऐक आता. ऐंशी वाडगे पडलेत. मी एकटी घासणार नाही."

डेल्फिनानं बाह्या वर सारल्या आणि आत गेली.

आता डॉक्टर म्हणजे डॉक्टर. हरला, पण सुधारला नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं त्यानं तिथंच ठरवलं. थोड्या वेळानं वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात हजर.

"मिसेस लुसेरो, एकच विचारतो. तुम्ही चार वर्षं पाच नंबरच धरून ठेवलंत. ह्यामागं तुमची काही दृष्टी होती का?"

आंपारोनं हात पुसले. पदर नव्हता, तर एप्रनच सारखा केला. डेल्फिना वाडगा घासायची थांबली.

"दृष्टी?" आंपारो म्हणाली. "हो तर. मला आधीपासनं जहाल आवाज आवडायचा. मवाळ चुंबक काय, कुणीही घालतं. जहालाला आवरायचं, तर हात लागतो, डॉक्टर. लिहिताय ना?"

"लिहितोय, लिहितोय!"

"मोठ्या अक्षरात लिहा."

डेल्फिनानं नळ जोरात सोडला आणि वाडग्यांचा जेवढा करता येईल तेवढा खणखणाट करत राहिली, म्हणजे आपलं हसू बाहेर जाऊ नये.